तपासून तपासून झिजलेला ब्रेक

माझा दादा लिफ्टचा मेकॅनिक. वीस वर्षं हात काळे करून कमावलेली नोकरी, आणि ती जायची वेळ आली ती काळजीपायी.

सुरुवातीला आम्ही चेष्टा करायचो. "यांच्या जिवाला घोर लागायला कारण लागत नाही," वहिनी म्हणायची. तब्येत, नोकरी, गॅसची नळी. एक काळजी मिटली की दुसरी हजर. मग मान आखडली, झोप उडाली. एका दुपारी माझा डोळा लागला होता. जागी झाले तर दादाचा कान माझ्या नाकाशी. "श्वास चालू आहे ना, ते बघत होतो," तो शांतपणे म्हणाला. 

कामावरही तेच. एका जुन्या इमारतीत तो लिफ्ट रहिवाशांसाठी बंद करून डब्याच्या टपावर, अंधारात बसून राही. सगळं ठणठणीत आहे हे त्याला कळायचं, पण जीव मानायचा नाही. रहिवाशांना भिंतीआडून टकटक ऐकू यायची, एकेक मजला खाली येणारी. लिफ्ट सुरू असली तरी म्हातारी माणसंसुद्धा भीतीने जिन्याने जाऊ लागली.

शेवटी दादाच्या साहेबांनी स्वतः लिफ्ट तपासली. डबा कोसळू लागला तर रुळांना घट्ट धरणारा एक ब्रेक असतो. तो झिजून गुळगुळीत झाला होता. त्याची वर्षातून एकदा करायची चाचणी दादा रोज करत होता.

"तुझ्या काळजीनेच ब्रेक खाल्ला," साहेब म्हणाले. "इलाज कर, नाहीतर किल्ल्या ठेव."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा घाबरट स्वभाव नाही, सततच्या चिंतेचा आजार आहे. तपासलं की घटकाभर बरं वाटतं, म्हणून मन पुन्हा तपासायला लावतं." गोळी सुरू झाली, गुण यायला महिना गेला. शिवाय दर आठवड्याला बाईंकडे शिकायचं: एकदाच तपासायचं आणि उरलेली धाकधूक घेऊन निघायचं. घरी सराव गॅसच्या नळीवर. दादा दाराबाहेर घामाघूम, वहिनी कुलपाला पाठ लावून उभी.

सहा महिन्यांनी साहेबांनी त्याला त्याच इमारतीत पाठवलं. जेवण पोचवायच्या निमित्ताने मीही गेले. त्याने नवा ब्रेक एकदाच तपासला आणि तपासणीच्या कागदावर सही केली. एक आजी लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटलं, आणि भिंतीआड काहीतरी घरंगळल्यासारखं वाजत वर गेलं. दादाने माझा हात धरला, बाहेर पडला आणि सरळ चालत राहिला.

कोपऱ्यावर वळून पाहिलं ते मी, आणि एकदा नाही, दोनदा.