मूळ सरांचं आमिष

मूळ सर मटणाच्या दुकानापुढून जाताना नाकाला रुमाल लावायचे आणि वर्गात मात्र मांसाविषयी तासभर बोलायचे. "आमिष म्हणजे मूळचं मांस. गळाला लावतात ते. माशाला मांस दिसतं, गळ दिसत न्हाय," एवढं सांगून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचे आणि जीभ विटाळल्यासारखं घोटभर पाणी प्यायचे. कन्नडातही आमिषाला आमिषच म्हणतात, हेही ते सांगत. म्हणजे सीमा ओलांडली तरी लोभाला भाषा बदलावी लागत नाही, केवढी ही सोय!

प्रत्येक शब्दाचं मूळ खणायची खोड, म्हणून हे नाव. मुरुमहून सहा किलोमीटर सायकल मारत ते आमच्या गावच्या शाळेत यायचे. त्या काळ्या सायकलला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. व्युत्पत्ती परीक्षेत येत नसे, आणि जे परीक्षेत येत नाही ते ज्ञान नसतं, हे आम्हाला नववीतच कळलेलं होतं.

दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. मुलाचा मामा फार उदार होता. "पोरगी हुशार हाय. लग्नानंतर पुढं शिकवू. स्कूटीबी घेऊन देऊ." वडील विरघळले. खरं सांगायचं तर स्कूटी ऐकून मीही विरघळले. निकालाचा पेढा खायला आलेले सर कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "लई चांगला विचार हाय तुमचा. मग शिक्षण आधी होऊ द्या की. लग्न पाच वर्षांनी करू. थांबाल न्हवं?" पाहुण्यांना एकदम बसची वेळ आठवली. चहा निम्मा तसाच राहिला. पाच वर्षं दूरच, पाहुणे परत कधी फिरकलेच नाहीत.

वडील सरांवर उखडले. "सर, तुमी आलेलं स्थळ घालवलं. आता हिला रोज मुरुमच्या कालेजात कोण न्यायचं? शेत सोडून म्या नेऊ?" तेव्हा सर, ज्यांनी वर्गात साधी वेलांटी चुकलेली कधी खपवून घेतली नाही, शांतपणे खोटं बोलले. "अकरावीला जाणाऱ्या पोरींना सरकार सायकल देतंय. तुमी नाव तर घाला."

सायकल आली. दांडीची आणि अख्खी निळी. रंग घंटीवरही फासलेला, त्यामुळे ती वाजायचीच नाही. "पोरीला दांडीची सायकल?" वडिलांनी विचारलं. "सरकारचं काय सांगावं!" सर म्हणाले. हे उत्तर आमच्या जिल्ह्यात कुठल्याही प्रश्नाला पुरतं.

सर मग काळीपिवळी जीपला लोंबकळत शाळेत येऊ लागले. कुणी विचारलं की म्हणत, "सायकल पंक्चर हाय." ते पंक्चर काही निघेना. एवढा पगार आणि पंक्चर काढायला जीव जातो, म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांत मीही होते. हुशार मुलगी ना मी!

बारावीत असताना मडगार्डवरचा निळा रंग उडाला. खाली काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत सरांचं आडनाव होतं. मी तशीच सायकल मारत त्यांच्या घरी गेले आणि दारातच रडू लागले. "सर, तुम्हीसुद्धा आमिष दाखवलं?"

"व्हय, दाखवलं," सर म्हणाले. "पर बघ शोधून, गळ कुठं सापडतो का."

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. वडील गेले तेव्हा मी जितकी रडले होते, तितकीच तेव्हाही रडले. मी आता जळकोटकडच्या एका शाळेत शिकवते. मुलांना शब्दांची मुळं सांगते आणि मुलं अगदी आमच्यासारखीच जांभया देतात.

परवा दहावी झालेल्या एका मुलीचे वडील आमच्या शाळेच्या अंगणात तिच्यासाठी 'सरकारकडून आलेली' सायकल उलटसुलट करून बघत होते. या वेळी ती हिरवी आहे.

"बाई, सरकार पोरींना दांडीची सायकल देतंय व्हय?"

घंटीला मी रंग लागू दिला नव्हता. ती वाजवून दाखवली आणि म्हणाले, "सरकारचं काय सांगावं!"