साखळीतली शेवटची सायकल

आमच्या सायकल गटात मुक्कामाच्या ठिकाणी सायकली बांधायची एक ठरलेली पद्धत आहे. जाड खोडाचं झाड शोधायचं, त्याला साखळीचा वेढा द्यायचा, मग ती साखळी एकेका सायकलीच्या सांगाड्यातून ओवत न्यायची आणि टोकाला कुलूप लावायचं. सगळ्यात महाग सायकल खोडाला लागून, तिच्यापेक्षा स्वस्त ती तिच्या पुढे, आणि सगळ्यात स्वस्त ती शेवटी, रस्त्याच्या अंगाला. हा क्रम गटातल्या दाताच्या डॉक्टरांनी लावला. चोर घाईत असतो, तो टोकाच्याच सायकलीला हात घालणार, तेव्हा नुकसान कमीत कमी व्हावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नाही. फक्त दोन वर्षं टोकाला माझी सायकल होती.

आणि माझी सायकल स्वस्त नाही. ती आणि डॉक्टरांची एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, रंगसुद्धा तोच. डॉक्टरांनी ती नागपूरच्या शोरूममधून घेतली. चिठ्ठीवर छापलेली किंमत मोजली आणि वर पाण्याची एक बाटली फुकट मिळाली म्हणून खूश होऊन आले. मी घेतली पुण्याच्या एका पोराकडून. त्याने ती हौसेने घेऊन भिंतीला टांगून ठेवली होती आणि आता नोकरीसाठी परदेशी निघाला होता. मी त्याच्या घरी बसून चहा घेतला, जमत नाही म्हणून उठलो, लिफ्टपर्यंत गेलो, त्याने हाक मारली, परत जाऊन बसलो, पुन्हा उठलो. शेवटी निम्म्याहूनही कमी किमतीत ती सायकल माझ्या गाडीच्या टपावर होती.

हे मी पहिल्याच दिवशी गटात सांगितलं. का नाही सांगणार? मी तरुणपणी आठवडी बाजारात ताडपत्र्या आणि दोर विकत फिरलो आहे. काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर माल बांधून मी बाभुळगाव, दारव्हा करायचो. आज यवतमाळात माझं पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे, ते कोणी मला हातात आणून दिलेलं नाही. भाव करणं हेच माझं शिक्षण. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि संध्याकाळी सायकली बांधताना माझी उचलून टोकाला नेली. म्हणाले, "तुम्हाला स्वस्तात पडली ना, मग तुमचं नुकसानही कमी."

किंमत आणि मोल यात फरक असतो, हे मी त्यांना बऱ्याच वेळा आवाज चढवून सांगितलं. आवाज चढला की माझं कोणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे, पण तो ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

उमरखेडकडच्या एका मुक्कामात व्हायचं ते झालं. सकाळी उठून पाहतो तर साखळी जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, सायकली सगळ्या उभ्या, आणि टोकाच्या सायकलीची सीट गायब. माझी. सीट दांड्यासकट उपसून नेली होती. बाकीचे हळहळले, पण आपली वाचली याचं समाधान मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "बघा, क्रमाचा उपयोग झाला." मी तालुक्याच्या गावापर्यंत उभ्याने सायकल मारत गेलो. रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवत होती. तिथून एसटीच्या टपावर सायकल टाकली आणि घरी आलो. त्या दिवसापासून माझ्या मनात डॉक्टरांबद्दल अढी बसली.

त्यानंतर गटाने नियम वाढवले. सीट आणि पुढचं चाक काढून तंबूत घ्यायचं. कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी मारायची. सांगाड्याला जुनी ट्यूब कापून गुंडाळायची, म्हणजे नवी सायकलही भंगारातली वाटते. या युक्त्या माझ्याच. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम डॉक्टरांचा, की गावात कोणी विचारलं, तर खरी किंमत सांगायची नाही. आपल्याकडे लोक नाव विचारायच्या आधी किंमत विचारतात, त्यात त्यांच्या मनात काही नसतं. तरी सगळ्यांनी ठरवलं, सांगायचं की जुनी आहे, सात-आठ हजारांची.

मागच्या थंडीत आम्ही दारव्ह्याच्या बाजूला एका तलावाकाठी मुक्कामाला गेलो. तलावाला लागून एका शेतकऱ्याचं वावर होतं आणि वावरातच घर. कापूस वेचून झालेला, झाडांच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या, घराजवळ मोठं कडुनिंबाचं झाड. जागा मला पाहताक्षणी आवडली, म्हणून तोंड वाकडं करून मी त्या शेतकऱ्याशी भाव करायला लागलो. माणूस साठीचा, अंगाने वाळका, बोलायला गोड. तंबू लावायचे त्याने जे पैसे मागितले ते मी बऱ्यापैकी खाली आणले. तो चिडला नाही. बिडी विझवून सायकलींकडे बघत म्हणाला, "भाऊ, जागेसाठी एवढी घासाघीस करून राह्यले, तं ह्या सायकली केवढ्याच्या हायेत?"

डॉक्टर पुढे झाले. आपली सायकल थोपटत त्यांनी सांगितलं, "जुनी आहे हो काका, सात हजारांची." मग माझ्याकडे हात करून, हसत, "आणि ही त्याहून कमीची."

त्याहून कमीची, हे सांगायची काही गरज नव्हती. दोन वर्षांचं सगळं एकदम डोक्यात चढलं. मी चिकटपट्टी नखाने ओरबाडून काढली आणि म्हणालो, "काका, ही सव्वा लाखाची सायकल आहे. नवी घ्यायला गेलात तर एवढेच लागतील."

शेतकऱ्याने सायकलीभोवती एक फेरी मारली. वाकून टायर दाबून पाहिला, मग घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "इकडे ये वं. सव्वा लाखाची सायकल पाय." ती हात पुसत आली. तिने पाहिलं आणि विचारलं, "याले मोटर कुठी हाय?"

अर्ध्या तासात गावातून माणसं यायला लागली. कोणी दुचाकीवर, कोणी पायी. म्हाताऱ्यांनी पाहिली, शाळेच्या मास्तरांनी पाहिली, एकाने उचलून बघायची परवानगी मागितली आणि ती एका हाताने उचलली गेली म्हणून तो स्वतःच दचकला. सगळे चांगलंच बोलत होते. पण आमचा गट तंबूंच्या मागे जमून कुजबुजत होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मी रागाच्या भरात सगळ्यांच्या सायकली धोक्यात घातल्या, आता सामान आवरून पुढे निघावं लागेल. मी म्हणालो, निघा. मी राहतो. निघालं कोणीच नाही. ऊन उतरलं होतं आणि पाय दुखत होते.

गर्दी पांगल्यावर शेतकरी पुन्हा आला. त्याने ठरवूनच ठेवलं होतं. "भाऊ, तुमची सायकल झाडाखाली नाई ठेवायची. गावाले माईत झालं. माह्या वावरातून गेली तं नाव माहं जाईन. ती आमी कापसाच्या खोलीत ठेवतो."

त्याच्या घरात दोनच खोल्या. त्यातल्या एकीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव चढायची वाट पाहत. वर्षभराची कमाई त्या खोलीत होती, म्हणून त्या एकाच दाराला चांगलं कुलूप होतं आणि दारासमोर नवरा-बायकोच्या खाटा. त्याने कुलूप काढलं. कापूस ढकलून त्याने उंबऱ्याच्या आत एक कोनाडा केला. बायको आड आली. "अजी, चेनीचं काळं कापसाले लागन ना. मंग व्यापारी नावं ठेवन."

तिचं बरोबर होतं. डाग दिसला की व्यापारी सगळ्या ढिगाचाच भाव पाडतो. मीही तेच केलं असतं. मी माझी चादर आणून सायकलीची चेन, पॅडल, चाकं सगळं घट्ट गुंडाळलं. तिने वरून आणखी एक पोतं बांधलं, दोनदा ओढून पाहिलं, तेव्हा कुठे बाजूला झाली.

सायकल आत जाणार तेवढ्यात मागून डॉक्टर म्हणाले, "काका, थांबा जरा."

ते अंगणात उभे होते, हातात त्यांच्या सायकलीचं पुढचं चाक. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "मी मघाशी खोटं बोललो. माझीही तेवढ्याचीच आहे. ही आणि ती एकच. घरीसुद्धा मी खरी किंमत सांगितलेली नाही. गेली तर दुसरी घेता यायची नाही."

शेतकऱ्याची बायको पदराआड हसली. "घरच्या बाईले बी नाई सांगतलं?"

शेतकरी हसला नाही. तो डॉक्टरांना म्हणाला, "खरं सांगतलं असतं तं मी काय घेऊन पळालो असतो का, डॉक्टरसाहेब? मले तं चालवता बी येत नाई तुमची." मग खोलीकडे बघून म्हणाला, "पन जागा एकाच सायकलीची हाय. अजून सारला तं कापूस बाहेर पडते. कोनती ठेवायची ते तुमी दोघं ठरवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचा अवकाश होता. यांनी ही निम्म्यात घेतली आहे, यांचं नुकसान कमी. दोन वर्षं ते हेच बोलत आले होते आणि शेतकऱ्याला ते पटलंही असतं. माझ्या तोंडात त्यावरचं उत्तर तयार होतं, त्यातलं काही त्या बाईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "त्यांची ठेवा. त्यांनी खरं सांगितलं."

मी सांगितली ती शोरूमची किंमत. मी मोजली ती नव्हे. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं. सायकल आत गेली, कापूस तिच्यावर सरकला, कुलूप लागलं आणि किल्ली त्या बाईच्या कमरेला गेली.

बाकीच्या सायकली कडुनिंबाला बांधल्या. साखळी डॉक्टरांच्याच हातात होती. त्यांनी एकेक ओवत नेली आणि आपली शेवटी घातली, रस्त्याच्या अंगाला. खोडाजवळ जागा आहे, असं मी म्हणालो. ते म्हणाले, असू द्या, आणि त्यांनी आपला तंबू उखडून त्या टोकाला नेऊन लावला.

माझी पंचाईत झाली. भांडायला काहीच उरलं नव्हतं, आणि याचाही मला रागच आला. मी थोडा वेळ चुलीजवळ बसून राहिलो. मग माझ्याही तंबूच्या खुंट्या उपटल्या, तंबू ओढत नेला आणि डॉक्टरांच्या सायकलीच्या दुसऱ्या बाजूला ठोकला, असा की सायकलीपर्यंत यायचं तर दोघांपैकी एकाच्या दोरीला पाय अडकावा. डॉक्टर आतून म्हणाले, "तुमची तर कुलपात आहे."

"झोपा," मी म्हणालो.