पोवळ्याची अंगठी

लातूर-नांदेड एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मूळची देवणीची, पण मालवणच्या समुद्रात बुड्या मारून पोवळी मोजायची. तेच तिचं संशोधन. उन्हानं नाकाची सालं निघालेली. मोबाईलवर पांढरीफटक पोवळी दाखवताना ती सारखी ओढणीनं काच पुसत होती.

"पाणी तापलं, मेली सगळी."

मी तोंडदेखलं हळहळलो. तेवढ्यात तिला माझी अंगठी दिसली.

"मंगळासाठी का, काका?"

"हाव. लई गुण आला."

"हा खडा न्हाई. असल्याच जिवांची हाडं हायती. माझं लग्न जमंना, म्हणून आईनं मलाबी असलीच आणलीय."

मी खडा तळहाताकडं फिरवला, मूठ झाकली. नांदेड आलं तरी अंगठी काही काढली नाही.