अडचणीचा रकाना

दर मार्चमध्ये आम्हा सिस्टरांना एक फॉर्म येतो. तो पाठवतात प्रोव्हिन्शियल, म्हणजे आमच्या कॅथलिक धर्मसंघाच्या या प्रांतातल्या प्रमुख सिस्टर. उन्हाळ्यात कुणाची बदली कुठे करायची, ते त्यावरून ठरतं. वर नाव, सध्याचं काम, तब्येत. आणि अगदी खाली एक रकाना, बदलीबाबत काही अडचण किंवा विनंती. या रकान्यात मी तीस वर्षं एकच वाक्य लिहीत आले: देवाची इच्छा तीच माझी. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे पुढे ते सहीसारखं आपोआप उतरायला लागलं.

यंदाही तसंच उतरलं. त्या दुपारी सौंसरच्या आमच्या होस्टेलात पाण्याची मोटर जळाली होती, दोन मुलींच्या अंगावर गोवर उठला होता आणि फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस होता. मी तो उभ्या उभ्या भरला, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवून दिला आणि मोटरवाल्याच्या मागे लागले.

खरं तर यंदा मला चांगली धडधडीत अडचण होती. माझी माय पांढुर्ण्यात अंथरुणाला खिळलेली. दिवाळीनंतर पडून मांडीचं हाड मोडलं, ती परत उभी राहिली नाही. भाऊ आणि वहिनी करतात तिचं, पण वहिनीची कंबर गेलेली. आठवडाभर ती मायचं अंग पुसून घेते आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी बस धरते. मायला उचलून न्हाणीतल्या खुर्चीवर बसवायचं, डोक्यावरून आंघोळ घालायची, केस विंचरायचे, चादरी धुवायच्या, की संध्याकाळच्या बसनं परत. माझंही वय आता साठीकडे झुकलंय. सोमवारी जिना चढताना पाय बोलतात.

एप्रिल सरता सरता चिठ्ठी आली. जूनपासून ओडिशा. 'तुमच्या तत्परतेमुळे आमचं काम नेहमीच सोपं होतं,' असंही प्रोव्हिन्शियलनी त्यात लिहिलं होतं. मला हसू आलं, मग राग आला, पण तो काढावा कुणावर? रकाना माझ्याच हातानं भरलेला.

चॅपलमध्ये जाऊन बसले. समर्पण वगैरे काही सुचलं नाही. देवाला एवढंच म्हटलं की मी थकले आहे बाबा. आणि एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहिते. चिठ्ठी वाचून राग आला, त्याच्या मागोमाग थोडं हलकंही वाटलं. ती बस, ते उचलणं, त्या चादरी, सगळं सुटणार होतं आणि बोल माझ्यावर येणार नव्हता. वरून आज्ञा आली, मी काय करणार? आज्ञापालनाच्या व्रतात अशी एक सोय आहे, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली आपल्याला सापडते.

त्या रविवारी मायला सांगितलं. ती रडली नाही. "तुमच्यात सोडत नाहीत, मालूम आहे मले," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. परतीच्या बसमध्ये मला राहवेना. सोमवारी सकाळीच मी प्रोव्हिन्शियलना फोन लावला. माझा आवाज ऐकून त्यांना वाटलं, कुणी गेलं.

"सिस्टर, आई एवढी आजारी आहे हे तुम्ही लिहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला कसं कळणार? राहा तुम्ही सौंसरलाच. ओडिशाचं मी बघते." चार मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या रविवारी पांढुर्ण्याला पोचले ती खुशीत होते. मायला खुर्चीवर बसवलं, अंगावर पहिला तांब्या ओतला आणि सांगून टाकलं.

"माय, मी नाही जाऊन राहिली ओडिशाले. बदली रद्द झाली."

"कोणं केली रद्द?"

"मीच फोन करून मागतलं, का मले इथंच राहू द्या."

"अन् देलं त्यायनं?"

"हो."

"एका फोनवर?"

"हो ना."

मला वाटलं, आता ती हसेल. तिनं माझं ओलं मनगट धरलं. "मंग तुह्या बाच्या वेळी?"

बाबा रेल्वेत गँगमन होते. छातीच्या दुखण्यानं दोन महिने पडून होते आणि रोज माझं नाव घेत होते. मी तेव्हा झारखंडात, व्रतं घेऊन दोनच वर्षं झालेली. भाऊ दर आठवड्याला फोन करायचा आणि मी दर वेळी सांगायचे, आम्हाला असं मधेच सोडत नाहीत. घरच्यांनी ते खरं मानलं. रजा देणाऱ्या आमच्या सुपीरियर सिस्टर माझ्या शेजारच्याच खोलीत राहायच्या. मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. मागणं म्हणजे व्रताला कमीपणा, असं मला वाटायचं, आणि आपण मागत नाही याचा मला गर्व होता. मी घरी आले ती बाबांची माती होऊन गेल्यावर.

"बोल ना," माय म्हणाली. "तवा मागतलं असतं तं भेटत होती सुट्टी?"

खोटं बोलता आलं असतं. ती चौऱ्यांशी वर्षांची आहे, तिनं मान डोलावली असती.

"भेटली असती, माय. मी मागतलीच नाही."

तिनं माझं मनगट सोडलं. अंगावरचं पाणी तसंच निथळत होतं. मग दाराकडे तोंड करून तिनं वहिनीला हाक मारली, "ये व बाई. बाकीची आंघोळ तू घालून दे."

वहिनी कंबरेवर हात धरून आली. मी तांब्या तिच्या हातात दिला आणि बाहेर येऊन बसले.