राळेगाव ते वणी: पाचव्या टोपलीचा प्रवास

मी, नामदेव सखाराम डाखोरे, वय शहात्तर वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार तालुका राळेगाव, वणीजवळच्या चुनाभट्टीवर तीस वर्षे मिस्त्री, लिहून देतो की हा प्रवास मी कन्येच्या बोलावण्यावरून केला. कन्या सुमन आता तीच भट्टी चालवते. कमी कोळशात चुना भाजावा म्हणून तिने भट्टीला आतून उष्णता धरणाऱ्या विटा बसवल्या होत्या. पहिला घाणा, म्हणजे एका वेळी भाजलेला चुना, बिघडल्यास भट्टी बंद करीन, असे मालकांनी बजावले होते. बारा माणसांचे काम त्यावर होते. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागले नाही.

सकाळच्या एसटीने निघालो. पंचाहत्तरीनंतर तिकीट लागत नाही. आधारकार्ड जवळ ठेवावे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट फुकट, पण ऐट गाडी विकत घेतल्यावानी हाये." मारेगावला तर्रीपोहे चांगले मिळतात. तर्री बेताने घ्यावी. पुढे कोळशाचे ट्रक सुरू होतात, तोंडाला रुमाल बांधावा. शेजारची बाई म्हणाली, "एवढा कोळसा जाऊन राह्यला, अन् आमची लाईट रोजच जाते." माझ्या मनात आले, सारा देश कोळशावर चालतो, तिथे भट्टीत एक टोपली जास्त पडली तर काय बिघडणार?

भट्टी पेटवण्याच्या दिवशी सर्वांत जुन्या मिस्त्रीने नारळ फोडावा आणि दिवसभर त्याचाच शब्द चालावा, अशी आमची रीत आहे. नारळ मी फोडला. दगडाच्या प्रत्येक थरावर पूर्वी सहा टोपल्या कोळसा पडे, आता चार.

"बाबा, चारच. कायले जीव जाळून राह्यले?" असे म्हणून सुमन मालकांना आणावयास गेली. दगड कच्चा राहील या धास्तीने मी प्रत्येक थरावर पाचवी टोपली टाकावयास सांगितली.

"ताईनं चार सांगितल्या," मजूर गंगाराम पुटपुटला. मग म्हणाला, "पण आज बुवांचा दिवस हाये."

चौथ्या दिवशी चुना काढला. खडा पाण्यात टाकला; चांगला चुना असा टाकताच फुटतो आणि वाफ सोडतो. तो फुटला नाही, वाफही आली नाही. अति उष्णतेने चुना मेला होता.

"झालं तुझं नवं?" मालक सुमनला म्हणाले. गंगाराम माझ्याकडे पाहत होता.

"विटांनी आपले काम केले," मी म्हणालो. "कोळसा मी वाढवला."

मालकांनी तो खडा पाण्यातून काढून पाहिला. नंतर म्हणाले, "अजून एकच घाणा."

आज मी घरी आहे. दुसरा घाणा पेटला आहे. नारळ सुमनने फोडला. फोन अद्याप आलेला नाही. वणीकडे जाणाऱ्याने चुनाभट्टी अवश्य पाहावी, सल्ला मात्र देऊ नये.

मी कबुली दिली तेव्हा समक्ष हजर: भट्टीमालक, मजूर गंगाराम, आणि कन्या सुमन, जिने माझ्याकडे पाहिले नाही.