पेडणेकरकाकांचे एकशे ऐंशी दिवस

पेडणेकरकाका कुणालाही 'कसं काय' असं विचारायचे नाहीत. "काय गो, कार्ड कधी संपता?" हाच त्यांचा रामराम. मस्कतमधल्या गाला भागातल्या ज्या कंपनीत बाबा इंजिनिअर होते, तिथे सगळ्यांच्या रेसिडेन्सची, म्हणजे ओमानमध्ये राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं काका सांभाळायचे. मूळचे कुडाळचे. कुणाचं कार्ड कोणत्या महिन्यात संपतं ते त्यांना तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे.

माझा जन्म अमेरिकेतला, बाबा तिथे वर्षभर कामाला होते तेव्हाचा. म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा; बाकी मी सगळी मस्कतची. बारावीनंतर कॅनडातल्या विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा नातेवाइकांनी कपाळावर हात मारून घेतला. अमेरिकन असून कॅनडा कशाला? काका एकटे ठामपणे म्हणाले, "हिका होयो तो अभ्यास थय आसा. पासपोर्ट काय शिकवतलो?" मग मला दम भरला, "पण ओमानबाहेर सलग एकशे ऐंशी दिवस झाले की हयलो रेसिडेन्स खलास. त्याच्या आत येवकच होया."

तिकडे पहिल्याच आठवड्यात अमेरिकन विद्यार्थ्यांच्या चहापानाला मला आमंत्रण आलं. कोणतं राज्य, असं विचारल्यावर मी मस्कत म्हणाले, तर सगळे तोंडाकडे बघतच राहिले. भारतीय मुलं मला अमेरिकन समजायची. दोन्हीकडे मी पाहुणीच. परत जायला आपल्याला घर एकच आहे आणि तेही तारखेवर चालतं, हे तेव्हा कळलं आणि जरा भीतीच वाटली.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत काम मिळालं, म्हणून सुट्टीत आले नाही. एका सकाळी काकांचा फोन.

"एकशे चौपन्न झाले. तिकीट?"

"काका, प्रोफेसर सोडत नाहीत. आणि अमेरिकन पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून येईनच की कधीतरी."

"बापाशीच्या घरात टुरिस्ट? यल्ला, चल बेगीन, तिकीट काढ!"

प्रोफेसरांचे पाय धरले, आठ दिवसांची रजा काढली आणि आले. विमानतळावर कार्ड चाललं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गाल्याला गेले. काका मान खाली घालून फॉर्म भरत होते. रेसिडेन्स रद्द करण्याचा. वरती नाव त्यांचंच. एकतीस वर्षांनी निवृत्त होऊन ते कुडाळला निघाले होते, आणि फोनवर मला चकार शब्दानं बोलले नव्हते.

"तुम्ही कशाला भरताय? नवा माणूस भरेल ना."

"तो चुकी करतलो," काका म्हणाले. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'निवृत्ती' लिहिलं नाही. 'काम पूर्ण' असं इंग्रजीत ठळक लिहिलं.

माझं घर त्यांनी शाबूत ठेवलं होतं, आणि स्वतःचं स्वतःच्याच हातानं बंद करत होते. मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक? माझ्या हातात एकाचाय कार्ड फुकट जावक नाय," असं म्हणून त्यांनी खिशातून आपलं कार्ड काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि फॉर्मबरोबर पाकिटात घातलं.