कुमुदताईंनी खाडी आत घेतली

कुमुदताईंशी झालेल्या पहिल्याच भेटीने मला हादरवले. वीर गावाच्या खाली, सावित्री नदीच्या खाडीकाठी आमची भातशेती आहे. बिरवाडीच्या कारखान्यातली पाळी संपवून मी शेतावर पोचलो, तर माती तपासणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन माहेरच्या जमिनीत परतलेल्या ताई बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या दाराच्या, फळ्या स्वतःच्या हातांनी उपसत होत्या. भरतीचे खारे पाणी त्यांच्याच शेतात धो धो शिरत होते.

शेजारच्या शेतातून माझे धोंडूकाका ओरडले, "डोकं फिरलंय काय तुमचं? बापजाद्यांनी खाडी भायेर ठेवली, नि तुम्ही आत घेताय?"

"काका, ही माती नुसती खारी नाही, आंबट झाली आहे," ताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात सुकून भेगाळली की आणखी आंबते. धुवायला गावच्या तळ्यातलं गोडं पाणी पुरणार नाही. खाडीच्या पाण्यानं आंबटपणा उतरेल, मीठ पावसात वाहून जाईल."

कोणालाच पटले नाही. त्यातच पुढच्या उधाणाला दोन शेतांमधला बांध फुटला. तळ्याच्या पाण्यावर काकांनी कसाबसा जगवलेला कोपऱ्यातला वाल खाऱ्या पाण्याखाली गेला. सकाळीच ताई काकांच्या दारात उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. बांध मी घालून देते." साठी ओलांडलेल्या ताई खरोखरच चिखलात उतरल्या. आपल्या परसातला वालही त्यांनी काकांच्या घरी पोचवला. काका मात्र पावसाळा लागला तरी त्यांच्याशी बोलले नाहीत.

श्रावणात काकांनी मला शेतावर नेले. "बघ रे," एवढेच म्हणाले. त्यांचे भात दरवर्षीसारखे पिवळे पडले होते. फक्त खारे पाणी शिरलेल्या त्या कोपऱ्यात ते बांधापलीकडच्या ताईंच्या भातासारखे हिरवेगार उभे होते. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. काका तसेच चिखलाच्या पायांनी ताईंच्या अंगणात गेले.

"ताई, उन्हाळ्यात माझ्या शेतातबी पाणी घ्या. मला कळत काय नाय, पण डोळ्यांनी बघितलंय."

ताई ओटीवर टेकल्या. "काका, मला तरी कुठे पुरती खात्री होती? म्हणून तर आधी माझ्याच शेतात घेतलं."

हे ऐकून मी पुन्हा हादरलो. एवढी जोखीम त्यांनी एकटीने अंगावर घेतली होती!

आज काठावरची बरीच शेते पिकती झाली आहेत. तरीही पाण्याचा निचरा नसलेल्या शेताच्या मालकाला ताई स्पष्ट बजावतात, "तुम्ही हे करू नका." मग त्याच्यासाठी दुसरा उपाय शोधत बसतात.

पंचाहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या कुमुदताईंना धडधाकट शरीर आणि उदंड आयुष्य लाभो. आणि ताई, आम्हांला असेच अधूनमधून हादरवत राहा.